ऐकत नाहीं, कीं ऐकूं येत नाहीं?

मराठी भाषेंत ‘ऐकणें’ ह्या क्रियापदाचे अर्थ दोन आहेत. एक कानानें ऐकणें व दुसरा आज्ञा मानणें. ‘आमचा बंडू मुळींच ऐकत नाहीं हो,’ असें एखादी आई शेजारणीपाशीं म्हणते, तेव्हां तिच्या मनांत दुसराच अर्थ असतो, आणि शेजारीणहि तोच अर्थ घेते. बंडूचा कान धरला जातो. पण त्या कानाच्या आंत काय चाललें आहे, हें पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. शाळेंतहि हाच प्रकार. पस्तीस वर्षें खडू-फळ्याच्या सहवासांत काढल्यावर आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, ‘लक्ष नसतें’, ‘मंद आहे’, ‘उर्मट आहे’ असे शेरे ज्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पडतात, त्यांतील कांहींना शिकवणीपेक्षां वैद्याची गरज अधिक असते. आम्ही वैद्य नव्हों. तथापि मुलांच्या कान, नाक व घसा ह्यांच्या विकारांविषयीं जें आज सर्वमान्य आहे, आणि जें प्रत्येक आईबापांस व शिक्षकास ठाऊक असावयास हवें, तेवढें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कान, नाक व घसा हे अवयव बाहेरून तीन दिसले तरी आंतून ते एकाच वाड्याच्या तीन खोल्या आहेत. एकींत धूर कोंडला कीं तो दुसरींत शिरल्यावांचून राहत नाहीं. आपल्या प्राचीन वैद्यांनीं हें ओळखलें होतें. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं शालाक्य ह्या अंगांत गळ्याच्या वरील इंद्रियांचा विचार एकत्र केलेला आहे, आणि सुश्रुतसंहितेंत कानाचे २८ व नाकाचे ३१ रोग मोजलेले आहेत. संस्कृतांत ‘एडमूक’ असा एक शब्द आहे. ज्याला ऐकूंहि येत नाहीं व बोलतांहि येत नाहीं अशा मनुष्यास तो लावतात. दोन व्यंगांस एकच शब्द कां, ह्याचें उत्तर सोपें आहे. ज्याच्या कानीं शब्द पडला नाहीं, त्याच्या मुखांतून शब्द निघत नाहीं. त्याची जीभ धड असते, घसा धड असतो. उणें असतें तें श्रवण. ज्या घरांत विद्याच मुळीं गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत, संथेसंथेनें उतरत आली, त्या घरांस कानाची महती निराळी सांगावयास नको. तरीहि मुलांच्या दांतांची, डोळ्यांची व वजनाची जेवढी चौकशी आपण करतों, तेवढी कानाची करीत नाहीं.

घाटांतली नळी व कानांतली नळी

कानाच्या आंत काय घडतें हें समजून घेण्यास आमच्या मुलखांत एक उत्तम पाठशाळा निसर्गानेंच उघडून ठेविली आहे. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीं ह्यालाच कुलाबा जिल्हा म्हणत) आग्नेय टोंकास पोलादपूर आहे. तेथें मुंबई-गोवा रस्ता सोडून पूर्वेस वळलें कीं, प्रतापगडाच्या बाजूनें महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट लागतो. पोलादपूर ते महाबळेश्वर हें अंतर सुमारें ४० किलोमीटर. पण तेवढ्यांत गाडी सावित्री नदीच्या सखल खोऱ्यांतून निघून समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंचीवर जाऊन पोंचते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाहून जवळजवळ एक-सप्तमांशानें कमी असतो. म्हणून वळणें घेत जाणाऱ्या एस. टी. गाडींतील प्रत्येक उतारूच्या कानांस दडे बसतात. मग कोणी आवंढा गिळतो, कोणी जांभई देतो. कानांत बारीक ‘टक्‌’ असा आवाज होतो आणि दडा सुटतो. तो आवाज एक लहानशी नळी उघडल्याचा असतो.

कानाच्या पडद्यामागें हवेनें भरलेली एक पोकळी आहे. तीस मध्यकर्ण म्हणतात. पडद्याच्या दोन्ही अंगांस हवेचा दाब सारखा असेल तरच पडदा मोकळेपणानें कंप पावतो. त्यासाठीं मध्यकर्णापासून नाकाच्या मागील भागापर्यंत एक नळी गेलेली आहे. १६ व्या शतकांतील बार्तोलोमेओ युस्टाकी ह्या इटालियन शारीरशास्त्रज्ञाच्या नांवानें ती ओळखली जाते. सह्याद्रींत दोन कड्यांमधील चिंचोळ्या वाटेस नळी म्हणतात. कानांतली नळीहि तशीच अरुंद वाट आहे. एरवीं मिटलेली, व गिळतांना क्षणभर उघडणारी.

घाट चढतांना मध्यकर्णांतील हवा पसरते व ह्या वाटेनें सहज बाहेर पडते. उतरतांना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आंत ओढला जातो, आणि मिटलेली नळी आपण होऊन उघडत नाहीं. म्हणून महाबळेश्वरास जातांना हंसतखेळत असलेलें मूल परत येतांना अर्ध्या घाटांत कान धरून रडूं लागतें, आणि वडील मंडळी ‘गाडी लागली’ म्हणून त्याच्या नाकाशीं लिंबू धरतात! लिंबानें कान सुटत नाहीं. अंगावर पिणाऱ्या मुलास उतरणीवर पाजावें; मोठ्या मुलास पाण्याचे घोट घ्यावयास किंवा कांहीं चघळावयास द्यावें; झोंपलेल्यास जागें करावें, कारण झोंपेंत गिळणें कमी होतें. ज्यास सर्दीनें पुरतें ग्रासलें आहे त्याची महाबळेश्वरची सहल आठ दिवस पुढें ढकलावी, कारण सुजेनें नळी बंद असतां पडद्यावर येणारा ताण दुःसह होतो. जें येथें घाटांत, तेंच विमान खालीं उतरतांना घडतें.

आतां मुख्य गोष्ट. मोठ्या माणसाची ही नळी सुमारें ३६ मिलिमीटर लांब व चांगली उतरती असते. तान्ह्या मुलाची तिच्या निम्मी, आणि जवळजवळ आडवी असते. कोंकणांतील प्रत्येक घरधन्यास हें ठाऊक आहे कीं, पन्हळ उतरती नसली तर तींत पाणी तुंबतें. मुलांचें तसेंच होतें. नाकांतील सर्दी आंखूड व आडव्या नळीनें झटकन्‌ कानाकडे जाते, आणि कानांतील स्राव नाकाकडे उतरत नाहीं. साधारण सात वर्षांच्या सुमारास ही नळी मोठ्या माणसाच्या नळीसारखी होते. तोंवर मुलाच्या प्रत्येक सर्दीकडे कानाच्या दृष्टीनेंहि पाहिलें पाहिजे.

न दुखणारा विकार

दुखणाऱ्या कानाची दाद लागते, कारण मूल रडून घर डोक्यावर घेतें. आम्हांस भय वाटतें तें न दुखणाऱ्या कानाचें. नळी दीर्घकाळ बंद राहिली कीं मध्यकर्णांतील हवा शोषली जाते आणि तिच्या जागीं पातळ किंवा डिंकासारखा दाट द्रव सांचतो. ताप नाहीं, ठणका नाहीं, बाहेर पाण्याचा थेंब नाहीं. मुलास ऐकूं येतें, पण कानांत बोटें घालून ऐकावें तसें. श्रवणांतील घट बहुधा २० ते ३० डेसिबलांची असते. हांक मारली तर कधीं ‘ओ’ देतो, कधीं देत नाहीं. आणि नेमकें ह्यामुळेंच ‘ह्याला हवें तेव्हां बरोबर ऐकूं येतें’ असा आळ त्याच्यावर येतो. वास्तविक सर्दी कमीजास्त होईल तसें त्याचें ऐकणेंहि कमीजास्त होत असतें.

व्याकरण शिकविणारास ह्या विकाराची एक गंमत, खरें म्हणजे एक करुण गोष्ट, लवकर लक्षांत येते. उच्चारांत स्वर बळकट असतात; स, श, फ, ख, त ह्यांसारखीं अघोष व्यंजनें दुर्बल असतात. अशा मुलास ‘सात’, ‘हात’ व ‘भात’ हे तिन्ही शब्द जवळजवळ सारखेच वाटतात. तें शेवटचा ‘आत’ ऐकतें व पहिला वर्ण अंदाजानें बसवितें. आमच्या पाहण्यांतील चौथीच्या एका मुलाची अशीच कथा आहे. घाटाच्या पायथ्याच्या एका वाडींतून तो शाळेंत येई. त्याची वही चुकांनीं भरलेली असे, व त्यास पुन्हां तिसरींत बसवावें असा विचार घरीं चालला होता. त्याच्या वर्गावरील बाईंनीं एक दिवस ती वही निवांतपणें चाळली आणि त्यांच्या ध्यानीं आलें कीं, फळ्यावरून उतरून घेतलेला मजकूर निर्दोष आहे. जो सांगून लिहविलेला आहे त्यांतच सगळ्या चुका आहेत. जो मुलगा पाहून शुद्ध लिहितो व ऐकून अशुद्ध लिहितो, त्याची बुद्धि शाबूत असून कानच मंद आहे, हें त्या बाईंनीं ओळखलें व त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें. तपासणींत दोन्ही कानांत द्रव सांचलेला आढळला. पुढें कांहीं महिन्यांनीं त्यावर लहानशी शस्त्रक्रिया झाली. त्या मुलास घरीं येतांना पहिल्यानें नवल वाटलें तें पावसाच्या आवाजाचें, असें त्याची आई सांगत असे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहून ज्याला पाऊस धड ऐकूं येत नव्हता, त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नसतें’ असा शेरा होता!

ह्या विकाराचा उपचार बहुतेक वेळां धीर हाच असतो. पुष्कळ मुलांचा द्रव तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. जंतुनाशक औषधें किंवा सर्दीच्या गोळ्या ह्यांचा येथें उपयोग नाहीं. तीन महिन्यांनंतरहि दोन्ही कान मंद राहिले, तर डॉक्टर पडद्यास सूक्ष्म छिद्र पाडून तींत मण्याएवढी पोकळ नळी बसवितात. तिला ग्रॉमेट म्हणतात. अमेरिकेंतील डॉ. आर्मस्ट्राँग ह्यांनीं १९५४ मध्यें अशी नळी बसविण्याची रीत आधुनिक वैद्यकांत आणली. बहुधा सहा महिने ते दीड वर्ष ह्या काळांत ती आपण होऊन गळून पडते. तोंवर व त्याआधींहि एक उपाय शिक्षकाच्या हातीं आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. मुलास पहिल्या बांकावर बसवावें, आणि फळ्याकडे तोंड करून बोलूं नये.

घरच्या घरीं एक परीक्षा करतां येते. शाळेच्या वयाच्या मुलास समोर बघावयास सांगून आपण त्याच्या मागें हातभर अंतरावर उभें राहावें, त्याचा एक कान बोटानें हलकेच चोळीत झांकावा, व दुसऱ्या बाजूनें कुजबुजत्या स्वरांत ‘सात’, ‘भात’, ‘फूल’, ‘मूल’ असे शब्द म्हणून त्यास तेच म्हणावयास सांगावें. निम्म्याहून अधिक चुकले तर कान तपासून घ्यावेत. मोठ्यानें विचारून ‘ऐकूं येतें ना रे?’ अशी परीक्षा करण्यांत अर्थ नाहीं. ‘हो’ म्हणणें मुलांस सोपें असतें.

कान दुखणें व कान वाहणें

सर्दी होऊन दोनतीन दिवस लोटतात आणि मध्यरात्रीं मूल किंचाळून उठतें. मध्यकर्णांत पू होऊन पडद्यावर दाब आलेला असतो. आपल्या घरांत अशा वेळीं लसूण टाकून कढविलेलें तेल कानांत सोडण्याची चाल आहे. आमची वाचकभगिनींस कळकळीची विनंति आहे कीं, हें करूं नये. पडदा आंतून सुजलेला असतां बाहेरून घातलेलें तेल मध्यकर्णापर्यंत पोंचत नाहीं. आणि पडदा फुटलेला असेल तर तें आंत जाऊन अपाय करतें. शिवाय कोंकणच्या दमट पावसाळ्यांत तेलकट कानांत बुरशी धरते, ती वेगळीच. वजनाच्या प्रमाणांत पॅरासिटामोल द्यावें व सकाळीं डॉक्टरांस दाखवावें. सर्वच मुलांस जंतुनाशकें लागतात असें नाहीं. पुष्कळ मुलें दोनतीन दिवसांत बरीं होतात. परंतु मूल दोन वर्षांच्या आंतील असेल, दोन्ही कान धरलेले असतील, किंवा कान वाहूं लागला असेल, तर तीं बहुधा द्यावीं लागतात, व तो निर्णय डॉक्टरांचा.

पू बाहेर आला कीं ठणका थांबतो. येथेंच घरच्यांची मोठी फसगत होते. ‘कान फुटला, आतां बरें वाटेल,’ म्हणून सर्व स्वस्थ बसतात, आणि कान महिनोगणती वाहत राहतो. वाहता कान हें लहान मुलांचें लक्षण समजून चालणारे अनेक लोक अद्याप आहेत. अशा कानांत पाणी जाऊं देऊं नये. न्हातांना व्हॅसलीन लाविलेला कापूस बाहेरच्या तोंडाशीं बसवावा. सावित्रींत अथवा विहिरींत डुंबण्यास मनाई करावी. स्वच्छ सुती कपड्याच्या वळकटीनें कान टिपून कोरडा ठेवावा. जो स्राव थोडा पण दुर्गंधीयुक्त असतो, त्यास विशेष भ्यावें. त्यांत एक प्रकारची कातडीची गांठ कानाचें हाड पोखरीत जाते. वेळेवर शस्त्रक्रिया न केल्यास चेहरा वांकडा होणें, चक्कर येणें, फार काय मेंदूंत गळूं होणें, इथपर्यंत मजल जाते.

बाळंतघरांतील कांहीं रीतींचाहि येथें विचार केला पाहिजे. तेल लावून न्हाऊं घालणें ही चांगली गोष्ट आहे. पण तेंच तेल बाळाच्या नाकाकानांत सोडूं नये. नाकांतलें तेल फुप्फुसांत उतरून एक चिवट दाह उत्पन्न करतें. शेगडीवर ओवा व धूप घालून बाळास धुरी देण्यापासून लाभ नाहीं. धूर, मग तो धुरीचा असो, चुलीचा असो वा आजोबांच्या विडीचा असो, मुलांच्या कानाचा शत्रूच आहे. बाळास उताणें निजवून बाटलीनें दूध पाजूं नये. सहा महिने निव्वळ अंगावर पाजणें हें कानाच्या संरक्षणाचें स्वस्तांत स्वस्त साधन आहे. कानांतील मळ हा घाण नसून कानाचें कवच आहे. तो आपण होऊन बाहेर येतो. कानकोरणें, केसांतील आंकडा व कापूस गुंडाळलेली काडी हीं तिन्ही मळास आंत ढकलतात.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणें लिहावयास हवी. कानशिलांत भडकावल्यानें कानाचा पडदा फाटतो. शाळेंत शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी आहे. घरांतील हातास मात्र कायद्याआधीं विवेकानें आवरलें पाहिजे.

नाक

ज्याचें तोंड रात्रंदिवस उघडें असतें, जो झोंपेंत घोरतो, ज्याचा वरचा ओंठ आंखूड व दांत पुढें आलेले दिसतात, अशा मुलास लोक ‘बावळट’ म्हणून मोकळे होतात. त्याच्या नाकाच्या मागील बाजूस, जेथें कानाची नळी उघडते त्याच्या शेजारींच, ॲडिनॉइड नांवाची मांसल ग्रंथि वाढलेली असते. कोपनहेगनच्या डॉ. विल्हेल्म मेयर ह्यांनीं १८६८ मध्यें ह्या विकाराचें वर्णन केलें. तीन ते सात वर्षांच्या वयांत ती ग्रंथि सर्वांत मोठी असते व पुढें यौवनाच्या सुमारास आकसते. पण मधल्या काळांत ती नाकाची वाट अडविते व कानाची नळीहि बुजविते. मूल झोंपेंत घोरतां घोरतां क्षणभर श्वास थांबवीत असेल, दचकून उठत असेल, दिवसां पेंगत वा चिडत असेल, तर हा नुसता घोरण्याचा प्रश्न राहिला नाहीं असें समजावें. कांहीं मुलांस नाकांत फवारण्याच्या औषधानें गुण येतो, कांहींस शस्त्रक्रिया लागते.

एकाच नाकपुडींतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आंत कांहीं अडकलें आहे असें समजावें. गुंज, चिंचोका, मणी, हरभरा, खडूचा तुकडा, असें काय काय मुलें नाकाकानांत घालतात ह्याची यादी आम्ही वर्गांतच पुरी केली आहे. घरीं चिमट्यानें काढावयास जाऊं नये. वस्तु आंत सरकते. कानांत कडधान्य असल्यास पाणी घालूं नये, तें फुगतें. कानांत जिवंत किडा शिरला असेल तर मात्र, पडदा शाबूत असल्यास, गोड्या तेलाचे चार थेंब घालून तो मारावा. तेलाचा हा एकच सदुपयोग आम्हांस ठाऊक आहे. खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी नाकांत, कानांत किंवा पोटांत गेली तर एक क्षणहि थांबूं नये. ती कांहीं तासांतच मांस जाळते.

उन्हाळ्यांत मुलांचा घोळणा फुटतो. मान मागें टाकून कांदा हुंगविण्याची आपली पद्धत चुकीची आहे. रक्त घशांत उतरतें व उलटी होते. मुलास बसवून मान किंचित्‌ पुढें झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटींत धरावा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटें सोडूं नये. मधून मधून सोडून पाहण्याच्या उतावळेपणानेंच रक्त थांबत नाहीं.

घसा

घसा धरण्याचे बहुतेक प्रकार सर्दीबरोबर येतात व सर्दीबरोबर जातात. पण पांच ते पंधरा वर्षांच्या मुलास खोकला व सर्दी नसतां जोराचा ताप, गिळतांना वेदना व गळ्यांत दुखऱ्या गांठी असतील, तर तो विशिष्ट जंतूंचा घसा असूं शकतो. त्यावर डॉक्टरांनीं पेनिसिलिन वर्गाचें औषध दहा दिवस सांगितलें, तर तें दहाहि दिवस घ्यावें. तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें म्हणून तें टाकून दिल्यास दोनतीन आठवड्यांनीं सांधे धरतात, आणि पुढें हृदयाच्या पडद्या बिघडतात. घशाचा आळस हृदयास भोंवतो, तो असा.

टॉन्सिल काढण्याचा आग्रह व तिरस्कार हे दोन्ही अतिरेक आहेत. वर्षांत सात वेळां, किंवा दोन वर्षें दरवर्षीं पांच वेळां, किंवा तीन वर्षें दरवर्षीं तीन वेळां घसा खराखुरा पिकला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा दंडक डॉक्टर साधारणपणें मानतात. श्वास अडत असेल तर ही मोजदाद लागू नाहीं.

घटसर्पाचें नांव आमच्या आजोबांच्या पिढीला जेवढें भयंकर वाटे तेवढें आज वाटत नाहीं, ही लसीची कृपा. पण कृपा विसरली कीं रोग परततो. बाळाच्या ६ व्या, १० व्या व १४ व्या आठवड्यांतील लस, १६ ते २४ महिन्यांची व ५ ते ६ वर्षांची पुनर्लस, आणि १० व्या व १६ व्या वर्षाची टोंचणी ह्यांतील एकहि चुकवूं नये. शेवटच्या दोन टोंचण्या शिकलेल्या घरांतहि सर्रास राहून जातात.

जन्मतः बधिरता व तरुणांचे कान

जें मूल जन्मतःच बहिरें आहे तेंहि पहिले कांहीं महिने हुंकारतें व हंसतें. त्यामुळें घरचे निःशंक राहतात. पुढें तो हुंकार मावळतो. म्हणून आज वैद्यकाचा दंडक असा आहे कीं, पहिल्या महिन्यांत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपाय. झोंपलेल्या बाळाच्या कानाशीं लहानसें यंत्र धरून कांहीं मिनिटांत ही चाचणी होते. घरांत कोणी जन्मतः बधिर असेल, लग्नें नात्यांतल्या नात्यांत झालीं असतील, बाळ अपुऱ्या दिवसांचें असेल किंवा त्यास कडक कावीळ झाली असेल, तर ती अवश्य करावी. ‘त्याचा बापहि उशिरांच बोलूं लागला होता,’ ह्या आजीबाईंच्या वाक्यानें किती मुलांचीं बोलण्याचीं वर्षें खाल्लीं असतील, त्याची गणती नाहीं. एक वर्षाचें मूल एखादा शब्द बोलत नसेल व दोन वर्षांचें मूल दोन शब्द जोडीत नसेल, तर प्रथम कान तपासावे.

सरकारी सोय आहे; ती मागितली पाहिजे. २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडींत व शाळेंत होते, व तींत श्रवणदोषाचाहि समावेश आहे. मुंबईस वांद्रें येथें १९८३ मध्यें स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण ह्या विषयांसच वाहिलेली आहे. मुलांच्या बधिरतेपैकीं सुमारें ६० टक्के टाळण्याजोग्या कारणांनीं येते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

टाळण्याजोग्या कारणांत आतां एक नवें शिरलें आहे, तें तरुणांनीं कानांत खुपसलेल्या ध्वनियंत्रांचें. मुलांसाठीं ७५ डेसिबलांचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत, ही त्या संघटनेनें सांगितलेली मर्यादा आहे. आवाज जसा चढतो तशी वेळ झपाट्यानें घटते. यंत्राचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवावा, आणि मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचूं नये. कानांतील सूक्ष्म केश एकदां मेले कीं पुन्हां उगवत नाहींत.

केव्हां थांबूं नये

आमच्या भागांत शेवटचा प्रश्न रस्त्याचा असतो. जिल्ह्याचें मोठें सरकारी रुग्णालय अलिबागेस, पोलादपुराहून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. साताऱ्याकडे जावें तर मध्यें घाट. २०२१ च्या जुलैंत तळिये गांवावर दरड कोसळली, महाड शहर पुरांत बुडालें व आंबेनळीचा रस्ताहि बंद पडला, हें सर्वांस स्मरत असेल. म्हणून ज्या मुलाचा कान वाहतो किंवा ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याचें काम मृगापूर्वीं, वैशाखांतच उरकून घ्यावें. आणि पुढील लक्षणें दिसतांच पाऊस, रात्र वा मुहूर्त पाहूं नये: कानामागें सूज येऊन कान पुढें ढकलल्यासारखा दिसणें, वाहत्या कानासह डोकेदुखी, उलटी, मान ताठणें किंवा चेहरा वांकडा होणें, लाळ गळत राहून गिळतां न येणें, श्वासाबरोबर घरघर व बरगड्या आंत ओढल्या जाणें, आणि वर सांगितलेली बॅटरी.

बाकीचें सर्व काम घरांत, विनाखर्च होण्यासारखें आहे. मूल ऐकत नाहीं असें वाटलें, तर रागावण्यापूर्वीं त्याच्या मागें जाऊन कुजबुजत्या स्वरांत एक शब्द म्हणून पाहावा. त्यानें तो बरोबर सांगितला, तर रागावण्याचा आपला हक्क कोठें गेला नाहीं. तो न सांगितला, तर मात्र तो हक्क आपणांस नव्हताच.